पड टाकलेल्या शेताचा पुन्हा माळ करायचा असेल तर

कसणं परवडत नाही म्हणून पड टाकलेलं शेत आपोआप माळरान होत नाही. चार-पाच वर्षांत तिथे गाजरगवत, टाकळा आणि हरळी माजते आणि बांधाकडून वेडी बाभूळ आत सरकत येते. शेजारचा कधीच न नांगरलेला मुरमाड उतार मात्र वेगळा दिसतो. तिथे पवन्या, शेडा, डोंगरी, कुसळी, मारवेल एकमेकांत मिसळून उभी असतात, आणि त्यांच्या बुडाशी श्रावण-भाद्रपदात विष्णुक्रांता, नभाळी, रानमूग, बरबडा असं बारीकसारीक फुलत असतं. दोन्हीकडे पाऊस तोच आणि खडकही तोच. फरक इतकाच की शेतात वर्षानुवर्षं खत पडलेलं असतं, तणांच्या बियांचा साठा मातीत बसलेला असतो आणि माळावरच्या गवतांचं बी तिथून कधीच संपलेलं असतं. त्यामुळे या कामाचा निम्मा भाग काढून टाकण्याचा आहे. पेरणी त्यानंतरची.

हा लेख सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या कमी पावसाच्या पट्ट्यासाठी आहे: पुणे, सातारा, सांगलीचे पूर्वेकडचे तालुके, सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव. कोकणातले सडे आणि घाटमाथ्यावरची जांभ्याची पठारं हे प्रकरणच वेगळं. तिथे यातलं फार थोडं लागू पडेल.

चारा हवा की माळ हवा?

हे आधी घरात बसून ठरवा, कारण दोन्ही एकाच वाफ्यात होत नाही. भरपूर चारा हवा असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे निवडक वाण दिलेले आहेत. ते लावा, खत-पाणी द्या आणि कापण्या घ्या. पण तो एका गवताचा मळा झाला. माळात दहा-पंधरा जातींची गवतं, शेंगवर्गातल्या वेली, कंद, फुलझाडं असं सगळं एकत्र नांदतं, आणि ते नांदावं म्हणून कोणालाच फार जोमाने वाढू द्यायचं नसतं. वैरण कमी मिळते, पण अवर्षणातही काही ना काही मिळतं.

चार एकर पड असेल तर माझं मत असं: विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात मारवेलचा मळा करा आणि उरलेल्या साडेतीन एकरांचा माळ होऊ द्या. घरच्या जनावरांची सोय मळ्यातून झाली की माळावर दुसऱ्याच वर्षी जनावरं सोडायचा मोह होत नाही. नेपियर, गिनी गवत, स्टायलो यांना मात्र माळाच्या हद्दीत घेऊ नका. ती परदेशी आहेत, चाऱ्याला चांगली आहेत आणि एकदा पसरली की देशी गवतांना जागा ठेवत नाहीत.

दुसरी खातरजमा याहून महत्त्वाची. जी जमीन तुम्ही सुधारायला निघाला आहात ती खरंच कधी नांगरली होती का? सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी, म्हणून लागलेले तुकडे, ओढ्याच्या कडा, रुंद बांध हे बऱ्याचदा मूळ माळाचे शिल्लक अवशेष असतात. तिथे कुळव घालू नका, पेरू नका, झाडं तर मुळीच लावू नका. नांगरलेल्या जमिनीवर परत आलेल्या गवताळ भागांचे जगभरातले अभ्यास २०२० साली एकत्र तपासले गेले. त्यातून निघालं ते असं की मूळ माळाइतकी जातींची विविधता परतायला निदान शंभर वर्षं लागतात. म्हणजे बांधाकडेचा दहा गुंठ्यांचा न नांगरलेला तुकडा हा पैशाने विकत न मिळणारा ठेवा आहे, आणि तुमच्या बियाण्याचा पहिला स्रोतही तोच.

ओसाड दिसतं म्हणून सरकारी योजनेतून सलग समतल चर खोदून झाडं लावायची टूम अनेक गावांत येऊन गेली आहे. माळासाठी ती घातक आहे. चरांच्या भरावावर तण माजतं, आणि सावली पडली की उन्हावर वाढणारी ही गवतं मागे हटतात. शेतात आधीपासून असलेला हिवर, बोर, पळस राहू द्या. एकरी दोन-चार झाडं पुष्कळ झाली.

जमीन पाहणं

हस्ताच्या पावसानंतर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला, शेत एकदा पायी फिरा. गवतं तेव्हा फुलोऱ्यात असतात आणि ओळखू येतात. कागदावर शेताचा कच्चा नकाशा काढून दर पंचवीस-तीस पावलांवर पहार मारा आणि मुरूम किती खाली लागतो ते टिपा. वीतभरात मुरूम लागला तर ती जागा पवन्या, शेडा, कुसळी आणि उतार असेल तर डोंगरी गवताची. हातभर मध्यम काळी माती असेल तर मारवेलची. एकाच शेतात दोन्ही प्रकार असतात, म्हणून बियाण्याचं मिश्रणही दोन प्रकारचं लागतं. पांढुरक्या, उघड्या पडलेल्या उतारावर नुसतं हलकं काटेरी कुसळ दिसत असेल तर वरची माती वाहून गेली आहे असं समजा. तिथे पहिल्या पाच वर्षांत फार अपेक्षा ठेवू नका.

तणांची नोंदही याच फेरीत करा. कुठे हरळी, कुठे लव्हाळा, काळ्या मातीत कुठे कुंदा, कुठे वेडी बाभूळ हे नकाशावर हवं. वर्षायू तणं आणि मुळांतून फुटणारी तणं यांना औषध वेगवेगळं आहे.

मग माती परीक्षण. पिकासाठी अहवाल वाचतो त्याच्या उलट इथे वाचायचा. स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) रकान्यात ‘कमी’ दिसलं तर खूश व्हा, ‘जास्त’ दिसलं तर काम वाढलं. ऊस, कांदा, भाजीपाला, द्राक्ष घेतलेल्या रानांत स्फुरद हमखास जास्त निघतं. भरपूर स्फुरद आणि नत्र मिळालं की दोन-तीन दांडगी तणं सगळी जागा खातात आणि बारकी झाडं त्यांच्या सावलीत मरतात. कोरडवाहू बाजरी-मटकीच्या रानात ही अडचण सहसा नसते.

मक्याला किंवा उसाला ॲट्राझीन किंवा सोयाबीनला इमॅझेथापायर मारलं असेल तर त्याचा अंश मातीत राहिलेला असू शकतो. खर्च न करता तपासायचं तर दोन कुंड्या घ्या. एकीत शेतातली माती, दुसरीत बांधावरची. दोन्हीत मूठभर नाचणी आणि मोहरी पेरा. पंधरा-वीस दिवसांत शेताच्या कुंडीतली रोपं पिवळी पडली, करपली, तर पेरणी एक हंगाम पुढे ढकला.

उपास

स्फुरद जास्त निघालं किंवा शेत काल-परवापर्यंत बागायती होतं, तर एक-दोन हंगाम बिनखताची ज्वारी किंवा बाजरी घ्या. कणसं काढाच, पण कडबाही पूर्ण शेताबाहेर न्या आणि धसकटंही वेचा. दर वर्षी जे बाहेर जातं तेवढं जमिनीतून कमी होतं. नत्र लवकर उतरतं, स्फुरद फार हळू उतरतं. हरभरा, तूर, ताग घेऊ नका. ते नत्र वाढवतात. शेणखत नाही, आणि मेंढ्या बसवणं तर नाहीच. हा शेवटचा मुद्दा गावात समजावून सांगावा लागतो, कारण मेंढ्या बसवायला शेतकरी धनगरांच्या मागे असतो आणि तुम्ही मात्र ‘चारून न्या, पण रात्री दुसरीकडे बसवा’ म्हणता.

बिनखताच्या ज्वारीत टारफुला, म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण, डोकं वर काढतो, कारण त्याला कमी नत्राची जमीन मानवते. तुमच्या कामाला त्याने बाधा येत नाही, पण त्याचं धुळीइतकं बारीक बी वाऱ्याने शेजारच्या ज्वारीत जाईल. फुलायच्या आत उपटा.

युरोपात वरची सुपीक माती खरवडून काढून टाकायची पद्धत आहे. दख्खनच्या वीतभर मातीवर ती करू नये. खरवडून झाल्यावर पहिल्याच वळवात उरलेलीही ओढ्याला जाईल.

मुरमाड, कधीच बागायत न झालेल्या रानात हा सगळा उपास वगळून थेट तणांकडे वळलात तरी चालेल.

तण मोडणं

हरळी, लव्हाळा आणि कुंदा असेल तेवढ्याच पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये एकदा खोल नांगरट करा, ढेकळं मेपर्यंत तापू द्या आणि वर आलेल्या काशा, गाठी वेचून जाळा. ही शेवटची नांगरट. यानंतर या शेतात नांगर शिरता कामा नये, कारण प्रत्येक नांगरट खालचं तणाचं बी वर आणते.

बाकी क्षेत्रात फक्त वरवरचा कुळव. वळवाचा पाऊस पडून तणं दोन पानांवर आली की हलका कुळव फिरवा, बोट-दोन बोटांपेक्षा खोल नाही. पुन्हा पाऊस, पुन्हा उगवण, पुन्हा कुळव. मातीच्या वरच्या थरातला साठा असा रिकामा होतो. तणांचा जोर मोठा असेल तर पहिला अख्खा पावसाळा याच कामाला द्या आणि पेरणी पुढच्या वर्षी करा. एक वर्ष वाया गेल्यासारखं वाटेल, पण पुढची तीन वर्षं खुरपं हातात घ्यावं लागणार नाही.

गाजरगवत फुलायच्या आत उपटायचं, हातमोजे घालून. अंगावर पुरळ, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी या कामापासून लांबच राहावं. फुललेलं गाजरगवत उपटून बांधावर टाकलं तर बी तिथेच पिकतं. भारतात १९८४ पासून सोडलेले मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात त्याची पानं चाळणीसारखी करतात. ते दिसले तर असू द्या, पण त्यांच्या भरवशावर बसू नका.

वेडी बाभूळ नुसती तोडली की दुप्पट फांद्यांनी फुटते. खोडाभोवती उकरून जमिनीखाली वीतभर, मुळाच्या गाठीखाली तोडावी लागते. शेंगा खाल्लेल्या शेळ्यांच्या लेंड्यांतून ती परत येते, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं कोवळी रोपं ओल्या जमिनीतून हाताने उपटत राहणं हाच उपाय. घाणेरीलाही हेच लागू.

बी गोळा करणं

देशी गवतांचं मिश्र बी दुकानात मिळत नाही. मिळालंच तर ते कुठल्या मुलखातलं याची खात्री नसते. स्वतः गोळा करणं हाच खरा मार्ग, आणि या सगळ्या खटाटोपात सर्वांत आनंदाचं कामही हेच.

आपल्यासारखाच पाऊस आणि आपल्यासारखीच माती असलेला जवळचा जुना माळ शोधा. खासगी असेल तर मालकाची, गायरान असेल तर ग्रामपंचायतीची, वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी घ्या. अभयारण्यातून काही आणू नका. नुसतं पाहायला मात्र जा: इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरी. चांगला माळ कसा दिसतो हे डोळ्यांत बसलं की आपल्या शेतात काय कमी आहे ते कळतं.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ. सगळी गवतं एकदम पिकत नाहीत, आणि एकाच तुऱ्यातही वरचं बी गळतं तेव्हा खालचं हिरवं असतं. म्हणून आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फेऱ्या हव्यात. सकाळी दव उडाल्यावर जा. तुरा मुठीत धरून खालून वर ओढायचा. पिकलेलं बी हातात येतं, कच्चं तुऱ्यावर राहतं. कोयत्याने तुरे छाटून आणले तर कच्च्याचाच भरणा होतो. एका ठिकाणचं बी पाव हिश्श्याहून जास्त घेऊ नका. तिथल्या माळालाही बी लागतं, चंडोलांना आणि मुंग्यांनाही लागतं.

आता एक चिमूट बी पांढऱ्या कागदावर घेऊन उन्हात नीट पाहा. मारवेल, पवन्या, कुसळी या कुळात कणिशकं, म्हणजे तुऱ्यातली दाण्याची बारीक घरं, जोडीने येतात. एक दांड्याला थेट चिकटलेलं आणि दुसरं बारीक देठावर. दाणा धरतो तो चिकटलेल्यात. देठावरचं बहुतेक वेळा पोकळ. म्हणजे पोतंभर बी आणलं तरी त्यातला निम्मा तर निव्वळ भुसाच. चिकटलेल्या कणिशकाला नखाने दाब द्या: दाणा असेल तर कडक लागतं, नसेल तर कागदासारखं दबतं. शंभर कणिशकं अशी तपासली की आपल्या पोत्याची खरी किंमत कळते.

कुसळीचं बी आणखी मजेशीर. एका टोकाला तांबूस केसांची टोकदार सुई, दुसऱ्या टोकाला पीळ दिलेलं लांब कुसळ. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने सुई मातीच्या भेगेत आपोआप शिरते. ओल्या बोटावर एक ठेवून पाहा, डोळ्यांदेखत वळेल. म्हणूनच कुसळी मातीआड करायची गरज नाही, जमीन थोडी खडबडीत असली की पुरे. आणि म्हणूनच ती मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीपर्यंत जाते. मिश्रणात ती थोडीच घ्या. ती कुठूनही येतेच.

बी सावलीत आठवडाभर पसरून वाळवा आणि जातवार सुती पिशव्यांत किंवा गोणपाटात भरून ठेवा. प्लॅस्टिकच्या पोत्यात घाम सुटून बुरशी येते. प्रत्येक पिशवीवर गवताचं नाव, जागा आणि महिना लिहा. नाव ठाऊक नसेल तर वाळलेला तुरा बांधून ठेवा. एका तालुक्यातला पवन्या पुढच्या तालुक्यात शेडा होतो, तेव्हा नुसत्या नावावर भिस्त नको. ताजं बी लगेच उगवत नाही, काही महिने झोपलेलं असतं. जूनपर्यंतचा काळ त्याला मानवतो, त्यामुळे गोळा केलं त्याच हिवाळ्यात पेरायची घाई करू नये.

दोन सोपे स्रोत बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. एक, माळाचं गवत कापून रचलेल्या गंजीच्या बुडाशी साचलेला केर. पावसाच्या तोंडावर गंजी संपते तेव्हा तिथली झाडलोट मागून घ्या. त्यात गवतांचं बी तर असतंच, पण हाताने कधी वेचलं नसतं अशा बारक्या झाडांचंही असतं. गंजीच्या आसपास गाजरगवत नव्हतं ना, एवढं पाहून घ्या. दुसरा, रस्ता रुंदीकरणात किंवा प्लॉटिंगमध्ये जाणारा माळ. तिथले गवताचे ठोंब, कंद मालकाच्या संमतीने उचलता येतात.

मे महिन्यात उगवण तपासा. ओल्या गोणपाटाच्या घडीत शंभर बिया ठेवून दोन-तीन आठवडे ओल टिकवा. किती फुटल्या ते मोजा.

पेरणी

धूळवाफेत पेरू नका. कोरड्या जमिनीवर पडलेलं बी पाऊस येईपर्यंत मुंग्या वाहून नेतात. मृगाचा चांगला ओलावा झाला, उगवलेल्या तणावर शेवटचा कुळव फिरला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेरा. मृग हुकला तर आर्द्रा. त्याच्या पुढे जाऊ नये, नाहीतर रोपं हिवाळ्यापूर्वी मुळं धरत नाहीत.

साफ बी हेक्टरी ५ ते ८ किलो, म्हणजे एकरी साधारण २ ते ३ किलो लागतं. हाताने ओरबाडलेल्या, भुसा मिसळलेल्या बियाण्याचं प्रमाण दुप्पट-तिप्पट धरा. मुरमाड भागासाठी मी दहा वाट्यांपैकी चार पवन्या-शेडा, दोन डोंगरी, एक मारवेल, एक कुसळी आणि दोन वाटे हाताला लागतील ती इतर देशी गवतं घेईन. मध्यम काळ्या मातीत मारवेल चारवर न्यायचं, डोंगरी काढायचं आणि पवन्या-शेडा तीनवर आणायचं. मारवेल जिथे जोर धरतं तिथे इतरांना दाबतं, म्हणून काळ्या मातीतही चारच्या वर नको.

फुलारलेलं, केसाळ बी चाड्यातून उतरत नाही, नळ्यांत गुंतून बसतं. पाभरीने नुसत्या उथळ काकऱ्या पाडा, फूट-दीड फुटावर, आणि बी ओलसर माती किंवा वाळूत कालवून हाताने सोडा. उतारावर काकऱ्या आडव्याच हव्यात. वाऱ्या-पावसाने बी वाहून जाण्याची भीती असेल तर चिकणमाती, वाळू आणि थोडं शेण मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या करा, प्रत्येकीत दोन-चार बिया, आणि त्या फेका. वेळखाऊ काम आहे, पण शाळेची मुलं एका दुपारी भरपूर करतात.

बी अर्ध्या बोटाहून खोल जाता कामा नये. वरून बोरीच्या फांद्यांचं झांबड एकदा ओढा. मेंढ्यांचा कळप एकदा झपाझप वरून चालवता आला तर त्याहून उत्तम. खुरांनी बी मातीला दाबलं जातं आणि थांबू दिलं नाही तर खतही पडत नाही.

ज्या जागी बी टिकत नाही, म्हणजे ओघळीच्या कडा, बांधाचे उतार, तिथे ठोंब लावा. जुन्या गवताचा गड्डा खणून त्याचे तीन-चार फुटव्यांचे तुकडे करा, पानं वीतभर ठेवून छाटा आणि झिमझिम पावसात लावा. दोन्हीकडून दीड-पावणेदोन फूट अंतर धरलं तर एका एकराला सोळा हजारांच्या घरात ठोंब लागतात. त्यामुळे सगळ्या शेताला हा मार्ग परवडत नाही. मोक्याच्या जागा तेवढ्या धरा.

पेरणीच्याच दिवशी प्रत्येक जातीचं थोडं बी एकेका कुंडीत पेरून नावं लिहून ठेवा. जुलैत शेतात काय उगवलंय हे त्या कुंड्यांशी ताडून पाहता येतं. कोवळी गवतं सगळी सारखीच दिसतात, आणि मजुरांनी तण म्हणून नेमका पवन्याच खुरपून काढल्याची उदाहरणं कमी नाहीत.

पहिले दोन पावसाळे

पहिल्या ऑगस्टमध्ये शेत बघून मन खट्टू होतं. टाकळा गुडघ्यापर्यंत आणि तुमचं गवत बोटभर. ते आधी मुळं वाढवत असतं. खुरपणी करू नका. तण फुलोऱ्यात यायच्या आत ब्रशकटरने किंवा विळ्याने वीतभर उंचीवर वरून कापा आणि कापलेलं सगळं शेताबाहेर न्या. तणाचा शेंडा जातो, खालच्या गवताला ऊन मिळतं. मोठ्या पावसाच्या वर्षी हे दोनदा करावं लागेल. हाताने उपटायचं ते फक्त गाजरगवत आणि वेडी बाभूळ.

पाणी देऊ नका, खतही नको. हस्त कोरडा गेला तर नव्या ठोंबांना एखादं पाणी ठीक. बियाण्यापासून आलेलं मरेल ते मरू द्या. जे जगेल ते इथल्या दुष्काळाला टिकणारं असेल.

दोन पावसाळे चराई पूर्ण बंद. कुंपणाचा खर्च न झेपणाऱ्यांनी बांधावर काट्याची वई घालावी, पण खरं कुंपण म्हणजे शेजाऱ्यांशी आणि दर वर्षी त्या वाटेने जाणाऱ्या धनगरांशी आधी झालेलं बोलणं. हिवरे बाजारने चराईबंदी केली तेव्हा गवत कापून न्यायची मुभा ठेवली होती. तसंच काही करता येतं: जनावर आत नाही, पण दुसऱ्या वर्षीपासून भारा हवा तर कापून न्या.

कागदाकडेही लक्ष असू द्या. ई-पीक पाहणीत शेताची नोंद दर हंगामात करा, पड असेल तर पड म्हणून. नोंदच नसली की पुढे ताबा, हद्द, वाट यांच्या भांडणात नसती डोकेदुखी होते.

कापणी, चराई, आग

तिसऱ्या वर्षापासून माळ वापरायला हवा. नुसता जपून ठेवला तर वाळकं गवत गादीसारखं साचतं आणि खालचे कोंब गुदमरतात. पौष्टिक चारा हवा तर गवत फुलोऱ्यात कापावं लागतं, बी हवं तर ते गळू द्यावं लागतं. यावर तोडगा म्हणजे शेताचे तीन भाग. एक भाग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वैरणीसाठी कापा. दुसरा बी गळल्यावर, नोव्हेंबरनंतर मेंढ्यांना किंवा गुरांना द्या, निम्मं गवत उरेल एवढंच चारून. तिसरा त्या वर्षी तसाच ठेवा. पुढल्या वर्षी पाळी फिरवा. जून ते ऑक्टोबर चराई कुठेच नको.

हे पक्ष्यांनाही सोयीचं. मध्य आशियातून हिवाळ्यात येणारे भोवत्या ससाणे रात्री उंच गवतात जमिनीवर उतरतात, तर माळटिटवी आणि धाविकाला खुरटा, उघडा भाग लागतो. टिटवी-धाविकाची अंडी जमिनीवरच असल्याने उन्हाळ्यात कापणी-झोडपणी करताना पुढे एक माणूस चालत ठेवा.

नवीन कोंब फुटावेत म्हणून फाल्गुन-चैत्रात गवत पेटवायची सवय बऱ्याच भागांत आहे. पहिली पाच वर्षं तरी तुमच्या शेतात आग येता कामा नये. कोवळे गड्डे आणि वर पडलेलं बी त्यात जातं. जानेवारीच्या आत हद्दीने दहा-बारा फूट रुंद पट्टा कापून मोकळा करा. रस्त्याकडेच्या बाजूला तो दुप्पट रुंद हवा, कारण विडी-सिगारेट तिकडूनच येते.

फुलझाडं मागाहून

गवताबरोबरच फुलझाडांचं बी टाकलं तर पहिल्या वर्षीच्या तणात ते हरवतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गवताचे गड्डे बसल्यावर, मधल्या मोकळ्या जागेत टिकावाने फूटभर तुकडे खरवडा आणि तिथे पेरा. रानमूग, रानतूर, उन्हाळी, बरबडा या शेंगवर्गीयांचं कवच टणक असतं. वाळूत चोळून किंवा गरम पाण्यात रात्रभर भिजवून घेतलं की उगवण सुधारते. विष्णुक्रांता आणि नभाळी जवळ मूळ माळ असेल तर बऱ्याचदा स्वतःहून येतात.

सफेद मुसळी, कंदीलपुष्प असे कंद जंगलातून किंवा माळावरून खणून आणू नका. कंदीलपुष्पाच्या काही जाती महाराष्ट्राबाहेर कुठेच नाहीत आणि त्यांचं आणखी एक ठिकाण उकरून आपल्या शेतात लावणं म्हणजे एकीकडचं काढून दुसरीकडे मारणं. बी मिळालं तर रोपं करा. नाहीतर पोटखराब्यातले आहेत तेवढे सांभाळा. नांगरलेल्या जमिनीत कंद परतायला सर्वांत जास्त वेळ घेतात.

मोजत राहणं

पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा. एकरी दहा जागी खुंट्या रोवा. दर वर्षी हस्तात, त्याच आठवड्यात, प्रत्येक खुंटीजवळ चौकट ठेवून चार गोष्टी लिहा: बहुवर्षायू गवताचे गड्डे किती, एकूण जाती किती, उघडी जमीन साधारण किती, गाजरगवताची झाडं किती. खुंटीवरून उत्तरेकडे तोंड करून एक फोटो. वही साधीच ठेवा, अवघड केली की दुसऱ्या वर्षी कोणी भरत नाही.

पहिल्या तीन वर्षांत जातींच्या आकड्याकडे पाहू नका. तणांमुळे तो फुगलेला असतो आणि नंतर घसरतो. पाहायचे ते गड्डे. तिसऱ्या हस्तात बहुतेक चौकटींत तीन-चार गड्डे असतील तर पेरणी लागली. एखाद-दुसराच असेल तर पुढच्या मृगात त्या पट्ट्यात वरवर खरवडून पुन्हा बी टाका, सगळं शेत मोडू नका. नांगर न घालण्याच्या नियमाला अपवाद एकच: जिथे फक्त हरळी दिसते त्या पट्ट्याला पुन्हा एकदा उन्हाळ्याची नांगरट द्यावी लागेल, फक्त तेवढ्याच पट्ट्याला.